मालवणातला बंद हीटर: मोटरहोमच्या हीटरला सप्लाय मिळत नसेल तर दोष शोधायचा कसा

“रे मेल्या, हंय घामान भिजतंस नि तुका हीटर कित्याक होयो?”

आजीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऑक्टोबरची दुपार, मांगराचे पत्रे तापलेले, आणि मी गाडीत उकिडवा बसून हीटर का चालत नाही ते शोधत होतो. पण आमची गाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेलं मोटरहोम, राहते मालवणात आणि दिवाळीआधी जाते हिमालयातल्या स्पितीला. तिथल्या काझाला पोचल्यावर रात्री हीटर लागला नाही, तर त्या थंडीत तारा चाचपायला बोटं वळत नाहीत. म्हणून हे काम घरीच, घाम गाळत उरकायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोकणात ठेवलेल्या गाडीचा हीटर थंडीने बिघडत नाही, पावसाने बिघडतो. मृगापासून हस्तापर्यंत गाडी एका जागी उभी असते, चार महिने हवेत ओल आणि मीठ. यात हीटरला फारसं काही होत नाही, त्याला वीज पोचवणारे सांधे मरतात. ‘हीटर गेला’ म्हणून उघडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांत बहुतेक वेळा हीटर धडधाकट होता.

आपल्याकडच्या गाड्यांत सहसा डिझेल हीटर असतो. परदेशी बनावटीच्या मोटरहोममध्ये गॅसवर चालणारी फर्नेस असते. जाळायला डिझेल असो वा गॅस, पंखा, पेटवणारा भाग आणि सगळं सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड १२ व्होल्टवरच चालतात. त्यामुळे विजेचा तपास दोघांचा जवळपास सारखा. गॅसवाल्यात थोडा फरक आहे, तो शेवटाकडे सांगतो.

आधी लक्षण नीट बघा

‘पॉवर नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात. पहिला: बटण दाबलं तरी हीटरचा पॅनल काळाच. दुसरा: पॅनल उजळतो, आकडे दिसतात, पण आत हालचाल नाही. तिसरा आणि सगळ्यांत फसवा: पॅनल उजळतो, हीटर सुरू व्हायला बघतो, आणि काही सेकंदांत उचकी लागल्यासारखा बंद पडतो.

पहिल्यात सप्लाय कुठेतरी पूर्ण तुटलाय. दुसऱ्यात बहुधा पॅनल आणि हीटर यांच्यामधल्या बारीक तारांचा किंवा कपलरचा (तारा जोडणाऱ्या प्लगचा) दोष असतो. तिसऱ्यात वीज पोचते पण जोर धरत नाही. डिझेल हीटर एकदा लागला की एक-दोन अँपिअरवर निवांत चालतो. पेटताना मात्र ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी कांडी, तापवायला पहिली काही मिनिटं त्याला आठ ते दहा अँपिअर लागतात. सांधा कच्चा असेल तर नेमका तेव्हाच व्होल्टेज कोसळतो आणि साडेदहाच्या आसपास आला की हीटर स्वतःला बंद करून घेतो. माझा आजार हाच होता.

लागणारं सामान

व्होल्ट मोजायचा एक साधा डिजिटल मीटर. एक हेडलाइटचा जुना हॅलोजन बल्ब, साठ वॅटचा, त्याला हातभर लांबीच्या दोन तारा आणि टोकांना चिमटे. मीटरची एक तार पाच-सहा मीटर लांब करून घ्या, म्हणजे बॅटरीपासून हीटरपर्यंत पोचेल. शिवाय पान्हे, पॉलिश पेपर, व्हॅसलीन आणि त्याच अँपिअरचे दोन-चार जास्तीचे फ्यूज.

बल्ब कशासाठी? मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. तारेच्या चाळीस तंतूंपैकी एकच शाबूत असला तरी तो ऐटीत साडेबारा व्होल्ट दाखवतो. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खाडीत पाणी आहे की नाही हे काठावरून दिसतं, पण होडी तरंगेल की नाही ते होडी घातल्यावरच कळतं. साठ वॅटचा बल्ब चार-पाच अँपिअर ओढतो. तो लावल्यावर जो आकडा टिकतो तो खरा.

हात घालण्यापूर्वी

घरातून जोडलेली २३० व्होल्टची वायर काढा. चार्जर चालू असताना व्होल्टेज फुगलेला दिसतो आणि तपास वाया जातो. माझी पहिली सकाळ अशीच गेली: चार्जरमुळे सगळीकडे साडेतेरा दिसत होते आणि मी बॅटरीला निर्दोष ठरवून बसलो होतो. सोलर पॅनलचाही सप्लाय तोडा, पण क्रम पाळा: आधी पॅनलकडून येणारी तार, मग बॅटरीकडची. गॅसची गाडी असेल तर सिलिंडर बंद करून दारं-खिडक्या उघडा. बोटातली अंगठी, मनगटातलं कडं काढून ठेवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर पान्हा लाल होऊन चिकटतो, तिथे सोन्याची काय कथा. पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची सवय लावा.

आणि हीटर चालू असेल तर तो पॅनलवरूनच बंद करा. बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं फिरून आतला भाग थंड करतो. मधेच मेन स्विच पाडला तर ती उष्णता आतच कोंडते आणि नसलेला बिघाड तयार होतो.

बॅटरीपासून सुरुवात

हीटर कुठल्या बॅटरीवर आहे हे आधी पक्कं करा. बहुतेक गाड्यांत तो राहण्याच्या भागाच्या बॅटरीवर असतो, इंजिनच्या नव्हे. इंजिन झोकात स्टार्ट होतंय म्हणजे हीटरला वीज आहे, हा तर्क फुकाचा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या खुंट्यांवर टोकं टेका, वर बसवलेल्या थिंबलवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नको. लेड-अॅसिड बॅटरी काही तास विसावलेली असताना १२.६ ते १२.७ दाखवते तेव्हा भरलेली समजा. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली हीटर पेटवायचा हट्ट नको. लिथियम आयर्न फॉस्फेटचं गणित वेगळं: ती बराच काळ १३.१ ते १३.३ च्या आसपास रेंगाळते आणि शेवटी एकदम घसरते, त्यामुळे १२.५ पाहून खूश होऊ नका, ती जवळजवळ रिकामी आहे.

लिथियमवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट असा विचित्र आकडा दिसला तर बॅटरी मेली असं लगेच म्हणू नका. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, स्वतःच सप्लाय तोडलेला असतो. लिथियमसाठीचा चार्जर लावला की बरेचदा ती जागी होते. पावसाळाभर उभ्या गाडीत हे हमखास घडतं, कारण गॅसचा अलार्म, म्युझिक सिस्टिम, पॅनलचा दिवा असं काही ना काही गुपचूप वीज पीत असतं. नुसते ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, म्हणजे शंभरची बॅटरी तीन महिन्यांच्या आतच आटते. अनंत चतुर्दशीला गाडी उघडणाऱ्याला ती रिकामी मिळणारच.

आता बल्ब बॅटरीला लावून दोन मिनिटं थांबा. आकडा दोन-तीन दशांशाने उतरला तर ठीक. भरलेली लेड-अॅसिड अकराच्या घरात गेली तर पुढचा तपास थांबवा, बॅटरीच बदलायची आहे.

फ्यूज: डोळ्यांवर भरवसा नको

बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज असतो आणि हीटरच्या वायरिंगवर एक वेगळा. दोन्ही शोधा. हीटरचा सहसा पंधरा ते पंचवीस अँपिअरच्या दरम्यान असतो. ब्लेड फ्यूजमध्ये १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा रंगहीन पारदर्शक. फ्यूज उडालाय का हे बघायला तो उपसू नका. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल टोक एकेका ठिपक्याला लावा. एकीकडे वीज, दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालेला. दोन्हीकडे नाही, तर दोष बॅटरीच्या बाजूला आहे, म्हणजे मेन स्विच आणि मुख्य फ्यूज तपासा. दोन्हीकडे आहे, तर पुढे चला.

फ्यूज शाबूत असूनही त्याचा होल्डर आतून कळकलेला असतो, हे कोकणात सर्रास. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच तांब्या-पितळेच्या पात्यांवर हिरवा थर चढतो. होल्डर हाताला गरम लागत असेल किंवा त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर घासत बसू नका, नवा टाका. झाकण आणि रबर नीट आहे का बघून घ्या. आमच्या फ्यूज बॉक्समध्ये एकदा पाल वाळून पडलेली निघाली होती. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पॉइंटात मुंग्या चिरडून सप्लाय तुटल्याचंही पाहिलं आहे.

नवा फ्यूज लावताच उडाला तर जास्त अँपिअरचा लावू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा जुना उद्योग तर मुळीच नको. तार कुठेतरी शॉर्ट आहे. पावसात घूस आणि उंदीर गाडीचा आसरा घेतात. सीटखाली आणि फ्लोअरमधून तार उतरते त्या भोकाशी दातांच्या खुणा शोधा. भोकाच्या कडेला रबरी कडं (ग्रोमेट) नसेल तर पत्र्याची कडही तार कापते.

हीटरच्या तोंडाशी

आता हीटरचा मुख्य कपलर सोडा. तारेच्या बाजूला मीटर लावून आकडा लिहून ठेवा. मग तिथेच बल्ब लावा आणि पुन्हा मोजा. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.२, कपलरवर रिकामं १३.१, आणि बल्ब लावताच ९.४. बल्बही शिमग्यातल्या विझत्या होळीसारखा तांबूस. सकाळपासूनचं कोडं या एका आकड्याने सुटलं: वीज पोचतेय, पण वाटेत जवळजवळ चार व्होल्ट कोणीतरी खातंय.

कोण खातंय, ते लांब केलेल्या तारेने शोधायचं. बल्ब जळताच राहू द्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं कपलरच्या निगेटिव्हवर. हा आकडा म्हणजे निगेटिव्हच्या वाटेतली गळती. मग तसंच पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. एवढ्या लोडवर एका बाजूला ०.३ पर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं तर त्या बाजूला दोष आहे. माझ्याकडे पॉझिटिव्हला ०.३ आणि निगेटिव्हला ३.५.

बाजू कळली की अर्धी-अर्धी वाट कापत जायचं. बॅटरीवरचं टोक हलवू नका. दुसरं टोक आधी थिंबलवर, मग चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बोल्टवर, मग बोल्टशेजारच्या घासलेल्या पत्र्यावर, मग हीटरजवळच्या अर्थिंगवर. जिथे आकडा एकदम उडी मारतो, दोष त्याच सांध्यात.

अर्थिंगचा बोल्ट

माझी उडी मिळाली मागच्या सीटखाली, चासीला कसलेल्या थिंबलवर. वरून दिसायला उत्तम: सांध्यावर काळा स्लीव्ह (प्लास्टिकचं आवरण), चकचकीत बोल्ट. जरा ओढल्यावर तार थिंबलमधून हातात आली आणि हिरवी भुकटी सांडली. स्लीव्हला आतून गोंद नव्हता. आत शिरलेला ओलावा बाहेर निघायला वाटच नव्हती, म्हणजे झाकणच नडलं. ते काम पैसे देऊन करून घेतलेलं होतं, पण ज्या गावात ते केलं तिथे खारा वारा नाही. त्यांना कळणार तरी कसं?

दुसरा नेहमीचा गुन्हेगार आपणच तयार करतो. पावसाआधी गाडीला खालून काळं कोटिंग मारायची इकडे पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण मारणारा माणूस अर्थिंगचे बोल्ट झाकून घेत नाही. नंतर कोणी तो बोल्ट सोडून परत कसला की थिंबल कोटिंगवर बसतं, धातूवर नाही.

दुरुस्ती अशी. बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने नाण्याएवढा लख्ख घासा. तार कापत मागे जा, जोवर आतलं तांबं गुलाबी दिसत नाही तोवर. काळी पडलेली तार कितीही मजबूत थिंबलमध्ये दाबली तरी उपयोग नाही. माझी वीतभर कापावी लागली. नवं कल्हईचं थिंबल दाबण्याच्या अवजारानेच दाबा, हातोडी-पकडीने नाही. त्यावर आतून गोंद असलेला स्लीव्ह, जो तापवल्यावर कडेने डिंकासारखा बाहेर येतो. धातू धातूला टेकवून बोल्ट कसा, खाली दातेरी वॉशर घाला, आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस चोपडा. आधी नाही, नंतर. शक्य असेल तर हीटरची निगेटिव्ह तार चासीवर न सोडता थेट बॅटरीकडे न्या. कोकणातल्या गाडीसाठी माझं मत तरी हेच.

सामान कुठून आणायचं? गाड्यांच्या दुकानात नव्हे, बंदरावर. सर्जेकोट किंवा देवगडला ट्रॉलरचं वायरिंग करणारे असतात. त्यांच्याकडे आख्खी कल्हई केलेली तार मिळते: बारीक तंतूंना कथलाचा थर, रंग चांदीसारखा. साध्या तांब्याच्या तारेपेक्षा ती महाग पडते, पण खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकते. मला थिंबल दाबायला तिथल्याच एका म्हाताऱ्या वायरमनने शिकवलं. त्याने माझं पहिलं काम ओढून पाहिलं, उपटून हातात दिलं आणि चहा सांगितला.

तार बारीक असेल तर

सगळे सांधे चांगले असूनही व्होल्टेज पडत असेल तर तारेची जाडी बघा. बॅटरी ते हीटर पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. दहा अँपिअर ओढताना दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वा व्होल्टहून जास्त जातो, अडीचच्या तारेत सुमारे पाऊण, चारच्या तारेत अर्धा, सहाच्या तारेत एक-तृतीयांश. उन्हाळ्यात भरलेल्या बॅटरीवर हा तोटा खपतो. पहाटे चार वाजता, अर्ध्या उतरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीवर, थंडीत खपत नाही. मी चारच्या खाली जात नाही.

पॅनल आणि बारीक तारा

कपलरवर बल्ब लावूनही बारा व्होल्ट टिकत असतील आणि पॅनल तरीही काळा असेल, तर पॅनलकडे जाणाऱ्या तीन-चार बारीक तारा बघा. मधले छोटे कपलर सोडून पिना मागे सरकल्यात का, हिरव्या झाल्यात का ते तपासा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चार-पाच वेळा काढ-घाल केली तरी पुष्कळदा जीव येतो. पॅनल हीटरजवळ आणून सरळ जोडून पाहा. तिथे चालला तर मधली तार गेलीय. तिथेही नाही चालला तर दुसऱ्याचा तसाच पॅनल उसना आणा, आणि मगच बोर्डावर संशय घ्या. बोर्ड हा शेवटचा संशयित. लोक त्यालाच पहिला पकडतात आणि हजारो रुपये घालवून बसतात.

गॅसची फर्नेस असेल तर

इथे भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. साध्या थर्मोस्टॅटला दोनच तारा असतात. त्या सोडून एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला तर दोष थर्मोस्टॅटमध्ये, नाही फिरला तर फर्नेसच्या सप्लायमध्ये. डिजिटल थर्मोस्टॅटला जास्त तारा असतील तर हा प्रयोग करू नका.

पंखा फिरतो पण ज्योत येत नाही, याचं मूळही कित्येकदा विजेतच असतं. फर्नेसमध्ये वाऱ्याने ढकलली जाणारी एक बारीक पट्टी असते, तिला सेल स्विच म्हणतात. पंखा पुरेशा वेगाने फिरला तरच ती पट्टी ढकलली जाते आणि बोर्डाला ठिणगी द्यायची परवानगी मिळते. व्होल्टेज कमी, पंखा मंद, पट्टी जागेवर, ज्योत नाही. लोक सिलिंडर बदलत बसतात. त्याच पट्टीवर केस-धूळ किंवा कुंभारमाशीचं मातीचं घरटं असलं तरी हेच होतं. सेल स्विच किंवा तापमानाचा लिमिट स्विच कायमचा जोडून फर्नेस चालवू नका. ते जिवाचे पहारेकरी आहेत. गॅसच्या नळीला आणि व्हॉल्व्हला स्वतः हात लावायचा नाही, ते जाणकाराचं काम.

पेटवून बघताना

सगळं जोडल्यावर गाडी उघड्यावर काढा. धुराची नळी आणि हवा ओढणारी नळी, दोन्हींत टॉर्च मारून बघा. चार महिन्यांत कुंभारमाशीने तिथे बिऱ्हाड केलेलं असतं. धूर आत येणार नाही याची खात्री करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. त्या वायूला वास नसतो. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत पांढरा धूर आला तर घाबरू नका, साठलेलं डिझेल जळतंय. पेटताना एकजण कपलरवर मीटर धरून बसू दे: ग्लो प्लग तापतानाही आकडा बाराच्या आसपास राहिला पाहिजे. माझा १२.७ राहिला.

मालवणात ही परीक्षा अर्धीच होते, कारण पाच मिनिटांत सगळे बाहेर पळतात. म्हणून आम्ही एक रात्र आंबोलीला काढली. पहाटे गारठा होता, हीटर चार तास सलग चालला, आणि आजी गोधडी बाजूला सारून म्हणाली, “आता जरा बारीक कर मेल्या, हंय पण घामच काढशीत.”

पुढच्या पावसाळ्यासाठी मी आता महिन्यातून एकदा, उघडीप बघून, हीटर वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवतो. काजळी जळते, डिझेलचा पंप चिकटत नाही, आणि सांधा कळकायला लागला असेल तर श्रावणातच कळतं. बाकीचे दिवस मेन स्विच बंद. नळ्यांच्या तोंडांना जाळी बांधतो, आणि ती काढायची आठवण राहावी म्हणून पॅनलवर लाल टेप चिकटवतो.